गोठ्यातील माया आणि गोठ्याबाहेरचा माणूस

गेल्या नाताळच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांला भेटावयास आले होते. बोलता बोलता जुन्या शेतीवाडीचा विषय निघाला आणि ते म्हणाले, “फादर, आमच्या वेळी माणूस जनावराला पोटच्या पोरासारखा जपायचा. आता जनावर राहिलं नाही आणि ती मायाही राहिली नाही.” त्यांच्या बोलण्यात बनाव नव्हता, डोळ्यांत पाणी होते. योगायोग असा की, त्याच दिवसांत आयर्लंडमधील शेतकरी जीवनावरची काही पुस्तके आमच्या वाचनात होती आणि त्यांतही हाच सूर पुनःपुन्हा ऐकू येत होता. तेव्हा आम्ही मनाशी एक प्रश्न धरून ती पुस्तके दुसऱ्यांदा वाचली. ही माया खरी होती काय? खरी असल्यास तिचे स्वरूप काय? आणि ती गोठ्याच्या दारापाशीच थांबत होती की दाराबाहेरच्या माणसापर्यंतही पोहोचत होती? प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचा वृत्तान्त होय.

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी त्या घराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. जुन्या आयर्लंडमधील सामान्य शेतकऱ्याची जमीन थोडी असे. पश्चिमेकडील गरीब भागांत तर एकाच लांबट घराच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला गाई, अशी व्यवस्था एकोणिसाव्या शतकात आणि काही ठिकाणी त्यानंतरही होती. जनावरांच्या अंगाची ऊब घराला मिळे आणि घराची राखण जनावरांना. दिवस उजाडे तो धारांनी. धार काढणारी व्यक्ती तिपाईवर बसून गाईच्या कुशीला डोके टेके आणि त्या संथ लयीतच घरातील कित्येक गुजगोष्टी होत. लोणी काढून उरलेले दूध वासरांना व डुकरांना जाई. कोंबड्यांची देखरेख गृहिणीकडे असे आणि अंड्यांचे पैसे हे तिचे स्वतःचे धन मानले जाई. गाढव दलदलीतून पीटचे इंधन वाहून आणी. घोडा नांगर ओढी. संध्याकाळी पुन्हा धारा आणि त्यानंतर सर्व कुटुंब गुडघ्यांवर बसून रोझरी म्हणे. गाय विणार असली की रात्री कंदील घेऊन कोणीतरी जागत राही.

श्रद्धेनेही हा गोठा व्यापलेला होता. गाईगुरांची व गवळणींची आश्रयदात्री असलेल्या संत ब्रिजिडचा सण १ फेब्रुवारीला येतो. लव्हाळ्याचे विणलेले तिचे क्रूस घराप्रमाणेच गोठ्यातही टांगले जात. नाताळच्या मध्यरात्री गुरे गुडघे टेकतात आणि त्यांना वाचा फुटते, परंतु ते पाहावयास कोणी जाऊ नये, असा लोकसमज होता. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी कोणी चेटूक करून आपले लोणी पळवील, ही भीतीही त्याच घरात सुखाने नांदत असे! भाषेत तर गाय खोलवर रुजलेली आहे. आयरिश भाषेत गाईला ‘बो’ म्हणतात. हा शब्द आणि आपला संस्कृत ‘गो’ हे भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच मूळ शब्दाची लेकरे होत. रस्त्याला त्या भाषेत ‘बोहर’ म्हणतात, म्हणजे मुळात गाईंची वाट. आणि मुलग्याला ‘बुअखिल’ म्हणतात, म्हणजे मुळात गुराखी. ज्या भाषेत रस्ता व मुलगा हे दोन्ही शब्द गाईवरून आले, त्या समाजात गाईचे स्थान काय असेल ते सांगावयास नको.

परंतु येथेच आपण सावध झाले पाहिजे. या घरातील प्रत्येक जनावर सोबती होते, तसेच ते रोकडही होते. डुकराला विनोदाने ‘घरभाडे भरणारे सद्गृहस्थ’ म्हणत, कारण ते विकूनच जमीनदाराचा खंड चुकता होई. ज्या वासराला मुलांनी बोट चाटवून दूध प्यावयास शिकविले, तेच पुढे जत्रेच्या बाजारात उभे राही. तेथे तळहातावर थुंकून हातावर हात मारून सौदा ठरे आणि विकणारा घेणाऱ्याला शकुनाचे दोन पैसे परत देई. १८८९ साली होरेस प्लंकेट यांच्या प्रयत्नांतून लिमरिक परगण्यात पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली आणि दूध घरच्या रवीपासून दूर जाऊ लागले. १९४६ पासून फर्ग्युसनचा लहान राखाडी ट्रॅक्टर आला आणि घोडा हळूहळू शेतातून गेला. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि शेतीचा हिशेबच बदलला. माया आणि हिशेब एकाच हातात होते. या जीवनावर लिहिणाऱ्या लेखकाची कसोटी आम्हांला इथेच लागते असे वाटते. त्याने दोन्ही गोष्टी दाखविल्या की एकच?

प्रथम ज्या पुस्तकाने आयर्लंडमधील घरोघरी प्रवेश मिळविला त्याविषयी. ॲलिस टेलर यांचे ‘टु स्कूल थ्रू द फील्ड्स’ हे बालपणीच्या आठवणींचे पुस्तक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अतिशय खपले. कॉर्क परगण्यातील एका शेतावरचे हे चित्र आहे. भाषा सोपी, निवेदन प्रसन्न, आणि माणसांविषयी लेखिकेला वाटणारी आपुलकी पानापानांतून जाणवते. घरी मोठ्याने वाचून दाखवावे असे हे पुस्तक आहे. त्यात दुःख मुळीच नाही असेही नाही. तरीही वाचून झाल्यावर मनावर जो ठसा उरतो तो सोनेरी उन्हाचा. भूतकाळ येथे ओल्या गवताचा वास घेऊन येतो, परंतु चिखलाचा भार फारसा आणीत नाही. आमच्या मते हा लेखिकेचा अप्रामाणिकपणा नव्हे. बालपणाकडे मागे वळून पाहणाऱ्या डोळ्यांचा तो धर्मच आहे. मात्र अशा एकाच पुस्तकावरून त्या जीवनाविषयी निर्णय करणारा वाचक फसेल.

याच्या अगदी उलट टोकाला लिअम ओफ्लाहर्टी (१८९६–१९८४) उभे आहेत. अरान द्वीपसमूहातील इनिशमोर बेटावर, ‘घोड्यांचे शेत’ असा अर्थ असलेल्या नावाच्या खेड्यात ते जन्मले. धर्मगुरू होण्यासाठी त्यांचे शिक्षण सुरू झाले होते, पण ते त्या वाटेने गेले नाहीत. पहिल्या महायुद्धात लढले आणि १९१७ साली तोफगोळ्याच्या आघाताने मनाने जखमी होऊन परतले. १९२४ च्या ‘स्प्रिंग सोइंग’ या संग्रहात त्यांची ‘द काउज डेथ’ ही अवघ्या काही पानांची कथा आहे. गाईला मेलेले वासरू होते. माणसे ते ओढीत नेऊन कड्यावरून खाली टाकतात. गाय त्या ओढल्याच्या मागावर शेते ओलांडीत कड्यापर्यंत येते. खाली खडकावर तिला वासरू दिसते. उतरावयास वाट सापडत नाही. भरतीची लाट वासराला ओढून नेऊ लागते, आणि गाय उडी घेते.

या कथेचे मोठेपण असे की, लेखक गाईच्या तोंडी मानवी विचार घालीत नाही. तिचे हुंगणे, तिचे थांबणे, पुन्हा चालू लागणे, एवढ्यावरच सारी करुणा उभी राहते. प्राणिकथा लिहिणाऱ्या आपल्या नवोदित लेखकांनी ही कथा अवश्य अभ्यासावी. कारण आपल्याकडे बैल बोलू लागला म्हणजे वाचक रडेल असा एक गैरसमज आहे. तथापि एक उणीव आम्हांला जाणवली. गाय कड्यावरून गेली आणि कथा संपली. त्या घराचे काय झाले? बेटावरच्या खडकाळ जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबाची गाय जाणे म्हणजे दूध, लोणी आणि पुढच्या वासराची आशा जाणे होय. ओफ्लाहर्टी यांनी जनावराला शोकान्तिकेची नायिका केले, परंतु तसे करताना माणूस कथेच्या चौकटीबाहेर ठेवला. टेलर यांच्या पुस्तकात हिशेब मायेच्या उन्हात विरघळतो, तर येथे तो समुद्राच्या आवाजात ऐकू येत नाही.

हिशेबाचा आवाज मोठ्याने ऐकू येतो तो शेमस हीनी (१९३९–२०१३) यांच्या कवितेत. नोबेल पारितोषिकाचा मान १९९५ मध्ये मिळविणारे हे कवी डेरी परगण्यातील गुरांचा व्यापार करणाऱ्या शेतकऱ्याचे पुत्र. १९६६ च्या पहिल्याच संग्रहातील ‘दि अर्ली पर्जेस’ या कवितेत सहा वर्षांच्या मुलाने प्रथमच मांजरीची पिले बुडविताना पाहिली आहेत. तो भेदरतो, काही दिवस उकिरड्याभोवती घुटमळतो, मग विसरतो. पुढे उंदीर, ससे, कावळे, कोंबड्या यांचे मरण पाहून ती भीती पुन्हा जागी होते. अखेरीस मोठा झालेला तोच मुलगा, शहरातल्या लोकांचा कळवळा व्यवस्थित शेतावर चालत नाही, असा निवाडा देतो. काही वाचक हे कवीचे स्वतःचे मत समजून त्यास कठोर ठरवितात. आम्हांला तसे वाटत नाही. आमच्या वाचनाप्रमाणे कवितेचा विषय पिलांचे मरण हा नसून मुलाच्या काळजावर पडत गेलेली घट्टी हा आहे. त्या शेवटच्या व्यवहारी वाक्यात जी कोरड आहे, तीच कवितेतील खरी व्यथा. हृदय असे थोडेथोडे निबर होते, आणि निबर झाल्यावर त्यालाच आपण शहाणपण म्हणतो.

मोनॅहन परगण्यातील पॅट्रिक कॅव्हना (१९०४–१९६७) यांनी तर ही व्यथा एका सबंध आयुष्यावर मांडली. ते स्वतः अनेक वर्षे शेतकरी होते, म्हणून त्यांच्या १९४२ च्या ‘द ग्रेट हंगर’ या दीर्घकाव्याला कोणी परका म्हणून झटकू शकत नाही. त्यातील पॅट्रिक मॅग्वायर हा शेतांशीच लग्न लागलेला माणूस. गुरांच्या माजाची आणि विण्याची वेळ ज्याला अचूक कळते, तो स्वतः मात्र संसाराविना सुकून जातो. रस्त्याने जाणारा प्रवासी शेताकडे पाहून शेतकऱ्याच्या निष्पाप सुखाचा हेवा करतो, तेव्हा कवी त्या प्रवाशाची अशी काही टर उडवितो की, रम्य खेड्याची चित्रे रंगविणाऱ्या प्रत्येकाने दोन क्षण लेखणी खाली ठेवावी. आईच्या धाकाबरोबरच धर्माच्या कोरड्या शिकवणुकीलाही कवीने दोषी धरले आहे. धर्मगुरू म्हणून ही पाने वाचताना आम्हांला सुख झाले नाही. परंतु सुख होण्यासाठीच वाचावे असे थोडेच आहे!

आता आम्ही ज्या पुस्तकासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याकडे येतो. जॉन मॅक्गॅहर्न (१९३४–२००६) यांची ‘दॅट दे मे फेस द रायझिंग सन’ ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. लेखकाची ओळख थोडक्यात करून द्यावयास हवी. त्यांची आई शिक्षिका होती; मुलगा धर्मगुरू व्हावा ही तिची इच्छा. ती १९४४ मध्ये वारली. मुलगा धर्मगुरू न होता शिक्षक आणि लेखक झाला. १९६५ मध्ये त्यांच्या ‘द डार्क’ या कादंबरीवर आयर्लंडमध्ये बंदी आली आणि डब्लिनमधील कॅथलिक शाळेतील त्यांची नोकरी गेली. पुढे ते लीट्रिम परगण्यात परतले आणि थोडी गुरे राखून लेखन करीत राहिले. ज्यांच्याशी ख्रिस्तसभेचे वर्तन असे झाले, त्यांनी आत्मकथनात बालपणीच्या उपासनाविधींविषयी कृतज्ञता व्यक्त करावी आणि अखेर आईशेजारी चर्चच्या आवारात विसावावे, ही गोष्ट आम्हांला अंतर्मुख करते.

कादंबरीत प्रकरणे नाहीत, कथानक म्हणावे असेही फारसे नाही. लंडन सोडून आलेले रटलेज दांपत्य, तळ्यापलीकडे राहणारे शेजारी जेम्सी व मेरी, आणि तळ्याभोवती फिरणारे ऋतू. घटना हव्या असणाऱ्या वाचकाचा येथे विरस होईल. काही संवाद व भेटी इतक्या सारख्या आहेत की आम्हीही मध्ये एकदोनदा पुस्तक मिटले. परंतु धीर धरणाऱ्यास फळ मिळते. जुनी शॉर्टहॉर्न गाय विणार म्हणून घर जागे राहते, वासरू सुखरूप येते तेव्हाचा आनंद कुठल्याही अलंकाराविना उतरला आहे. तीच माणसे पुढे कोकरे विकावयास नेतात, आणि त्या दिवशी बोलणे कमी होते. लेखक उपदेश करीत नाही. माया आणि हिशेब यांची गाठ तो सोडवीतही नाही आणि लपवीतही नाही; ती हातात धरून दाखवितो. जेम्सीचा भाऊ जॉनी एका स्त्रीच्या मागे इंग्लंडला गेला, तेव्हा जाण्यापूर्वी त्याने आपले दोन शिकारी कुत्रे गोळी घालून मारले. त्या दोन गोळ्यांत त्याच्या पुढील आयुष्याचा सारा एकटेपणा आधीच ऐकू येतो. सोबत्याला असे संपविणारा माणूस स्वतःचेही काहीतरी कायमचे पुरून जातो.

आणि आता बिल इव्हान्स. कादंबरीतील ही व्यक्तिरेखा आमच्या लेखाचे कारण आहे. धर्मसंस्थेने चालविलेल्या अनाथालयातून लहानपणीच शेतावर राबावयास दिलेला हा पोर आता म्हातारपणाकडे झुकला आहे. तळ्यातून बादल्या भरून वाहणे हे त्याचे रोजचे काम. सिगारेट आणि चार घास यांसाठी तो रटलेज यांच्या दारी येतो. त्याच्या लहानपणाविषयी कोणी प्रश्न विचारला की तो कासावीस होतो, जणू कोणी जखमेवर हात ठेवला. ज्या परिसरात गाईच्या विण्यासाठी घर जागते, त्याच परिसरात एका मुलाला जनावरासारखे जुंपले गेले आणि त्याच्यासाठी कोणी जागले नाही. लेखक ही तुलना शब्दांनी करीत नाही. गाय आणि बिल यांना तो एकाच वाटेने येजा करू देतो, इतकेच. वाचक ती तुलना स्वतः करतो, आणि म्हणूनच ती त्याला सोडीत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. कादंबरीनंतर सात वर्षांनी, २० मे २००९ रोजी, आयर्लंडमधील चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि धर्मसंघांनी चालविलेल्या निवासी शाळांतून मुलांवर झालेले अत्याचार अधिकृतपणे जगापुढे आले. आमच्यासारख्या सेमिनरीत घडलेल्या माणसाला हे लिहिणे जड जाते. पण न लिहिणे अधिक जड जावे. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण त्याच्या पशूविषयीच्या काळजीत सांगितली आहे. आम्ही तो उतारा प्रवचनात अनेकदा वापरला आहे. या कादंबरीने आम्हांला शिकविले की, ती खूण खरी असली तरी पुरेशी नाही. गोठ्यात क्रूस टांगणारा आणि संध्याकाळी रोझरी म्हणणारा समाज गुरांवर माया करू शकतो आणि त्याच वेळी एका पोराकडे पाठही फिरवू शकतो.

तरीही मॅक्गॅहर्न यांनी सूड घेतलेला नाही, हे नमूद केले पाहिजे. त्यांच्या कादंबरीतील धर्मगुरू खलपुरुष नाही. तो साधा, समंजस माणूस आहे. बिलच्याही वाट्याला पुढे थोडे बरे दिवस येतात. आणि शेवटी जॉनी मरण पावतो तेव्हा त्याचा देह धुऊन, दाढी करून, कपडे घालून नीट ठेवण्याचे काम रटलेज करतो. वासराला जगात येताना ज्या हातांनी साहाय्य केले, तेच हात मृताची शेवटची सेवा करतात. त्याचे डोके पश्चिमेकडे करून त्याला पुरतात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी त्याला उगवत्या सूर्यासमोर उठता यावे. श्रद्धा उरली नाही असे म्हणणारा नायक ज्या निगुतीने हे करतो, ती निगुती आम्हांला अनेक प्रार्थनांपेक्षा प्रार्थनेच्या जवळची वाटली. गोठ्यातील माया दाराबाहेर पडून माणसापर्यंत आलेली येथे दिसते.

वाचकहो, या लेखाचा हेतू जुन्या आठवणी लिहूच नयेत असे सांगण्याचा नाही. उलट त्या अधिक लिहाव्यात, पण पुऱ्या लिहाव्यात. मध्यंतरी ते वृद्ध गृहस्थ पुन्हा भेटले. आम्ही त्यांच्या बैलांची चौकशी केली. त्यांनी तीन पिढ्यांतील बैलांची नावे घडाघडा सांगितली. कोणाचे शिंग मोडले होते, कोण पाण्याला बिचके, सारे आठवत होते. आम्ही विचारले, “त्यांना वैरण कोण घालायचे?”

“आमचा गडी. डोंगराकडून आलेला. पोरवयातच आला, गोठ्याच्या पडवीतच झोपायचा.”

“त्याचे नाव काय?”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “फादर, आम्ही त्याला गडीच म्हणायचो.”

आम्ही त्यांना दोष दिला नाही. देण्याचा अधिकारही आमचा नव्हे. फक्त विनंती केली की, बैलांविषयी लिहाल तेव्हा तेवढे एक नाव घरच्या थोरल्या बहिणीला विचारून पाहा. परवा त्यांचा निरोप आला. बहिणीला आठवले होते.